दातांच्या उपचाराला घाबरणारे पेशंट : क्लिनिकमध्ये कोणतं सेडेशन, कुणाला आणि किती? (ऑनलाइन चर्चा; नावं सभासदांची टोपणनावं)

अक्कलदाढ :

तालुक्याच्या गावातलं दोन खुर्च्यांचं क्लिनिक आहे. तीन पेशंटचं काम निव्वळ भीतीपायी अडलंय, म्हणून सेडेशनबद्दल (औषधाने आणलेल्या गुंगीबद्दल) नेमका सल्ला हवा आहे.

पहिल्या ३८ वर्षांच्या बाई, वजन ५४ किलो. खालची उजवी पहिली दाढ रात्र रात्र ठणकते, रूट कॅनाल करायचंय. आधी दुसरीकडे दोनदा भूल देऊनही दाढ बधिर झाली नव्हती. तेव्हापासून सुई पाहिली की रडू फुटतं. भीती मोजायच्या पाच प्रश्नांच्या पट्टीवर २५ पैकी २१ गुण. कुठलाही आजार नाही, औषधं चालू नाहीत.

दुसरे ५८ वर्षांचे काका, ९२ किलो, मान आखूड, झोपेत मोठ्याने घोरतात. सकाळी बीपीची अमलोडिपिन ५ मिग्रॅ, रात्री गुंगी आणणारी क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ. चार दात काढायचेत, पण आरसा मागच्या दाढांपर्यंत नेला की उमासे सुरू होतात.

तिसरा पाच वर्षांचा मुलगा, १६ किलो. खुर्चीत बसतो, बोलतो, पण मशीनचा आवाज आला की मान फिरवतो. खालच्या दोन्ही बाजूंच्या मिळून चार दुधाच्या दाढा किडल्या आहेत, एकीची नस काढावी लागेल.

क्लिनिकमध्ये पल्स ऑक्सिमीटर, बीपी मशीन, बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर आणि साधा मास्क आहे. गोळीवर भागेल का, नायट्रसचं (नाकाने घ्यायचा हलक्या गुंगीचा गॅस) मशीन घ्यावं का, आणि भूलतज्ज्ञांना कुठल्या टप्प्यावर बोलवावं?

एंडो पुणे :

बाईंच्या बाबतीत सेडेशनआधी भुलेचा विचार करा. त्यांची भीती अनाठायी नाही, दोनदा दुखलंय. गुंगी आली तरी दुखणं दुखतंच, आणि गुंगीतला पेशंट दुखलं की अचानक हात झटकतो. हातात सुई किंवा फाइल (मुळाची नळी साफ करायची बारीक सळई) असताना ते जास्त धोक्याचं.

खालच्या दाढेची नस सुजलेली असेल तर एकटा ब्लॉक (जबड्याची अख्खी बाजू बधिर करणारं इंजेक्शन) बऱ्याचदा अपुरा पडतो. ॲसिडिटी, दमा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण नसेल तर तासभर आधी काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन ४०० ते ६०० मिग्रॅ द्या. हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारं जेल एक-दोन मिनिटं ठेवा. ओल्या हिरडीवर लावलेलं जेल लाळेबरोबर घशात जातं, घसा बधिर होतो आणि पेशंट आणखी घाबरतो. इंजेक्शनचा वेग मिनिटाला साधारण १ मिली. मग १० ते १५ मिनिटं खरोखर थांबा.

ओठ जड झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं धरू नका, घोटाळा नेमका तिथेच होतो. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून तो त्याच दाढेला लावा. कळ आली तर ड्रिल उचलूच नका. गालाच्या बाजूने ४ टक्के आर्टिकेन या भुलेच्या औषधाचं इन्फिल्ट्रेशन (दाढेलगत हिरडीत इंजेक्शन) द्या, पाच मिनिटांनी पुन्हा गार लावून पाहा. तरी राहिलं तर लिगामेंटमध्ये (दात हाडाला धरून ठेवणारे तंतू) प्रत्येक मुळाशी ०.२ मिली. नसेत थेट इंजेक्शन अगदी शेवटी, आणि पेशंटला आधी सांगून, कारण ते क्षणभर जोरात कळ आणतं.

आता गोळी. निरोगी प्रौढाला अल्प्राझोलाम ०.२५ ते ०.५ मिग्रॅ एक तास आधी, किंवा डायझेपाम ५ मिग्रॅ रात्री झोपताना आणि ५ मिग्रॅ कामाच्या तासभर आधी. यातलं एकच, दोन्ही नाही. डायझेपामचा अंमल लांबतो, शरीरात त्याचा जो पुढचा पदार्थ तयार होतो तोही काम करत राहतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची असेल त्याला अल्प्राझोलाम बरं. दोन्ही औषधं शेड्यूल एच-१ मधली आहेत, केमिस्टला नोंद ठेवावी लागते. तेव्हा चिठ्ठीवर गोळ्यांचा आकडा अक्षरात लिहा आणि लागतील तेवढ्याच लिहा. संमतीपत्रावर सही गोळीच्या आधी, शक्यतो आदल्या भेटीतच घ्या. गोळी घेतल्यावरच्या सहीला अर्थ उरत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुसरी गोळी. भरपेट जेवून आलेल्या पेशंटला तासाभराने काहीच वाटत नाही, म्हणून आणखी एक दिली जाते. मग दोन्ही मिळून अंमल चढतो तो काम संपल्यावर, रिक्षात. पोटातून जाणारं औषध गरजेप्रमाणे थेंब-थेंब वाढवता येत नाही आणि दिलेलं परत काढता येत नाही. लागू पडली नाही तर काम पुढे ढकला आणि पुढच्या वेळेला मात्रा ठरवा.

क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) चालू असेल तर अल्प्राझोलाम आणि त्याच गटातलं मिडाझोलाम दोन्हींचा अंमल वाढतो आणि लांबतो. आणि संध्याकाळच्या दुखण्यासाठी सवयीने ट्रॅमाडॉल लिहू नका. बेंझोडायझेपिन (या गुंगीच्या गोळ्यांचा गट) आणि ओपिऑइड (ट्रॅमाडॉलसारखी अफूगटातली वेदनाशामकं) एकत्र आले की श्वास मंदावतो. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन पुरे.

दुधाचे दात :

मुलाला गोळी किंवा सिरप नको, नायट्रस योग्य. तो बोलतो, सांगितलेलं समजतं आणि नाकाने श्वास घेऊ शकतो, एवढ्या तीन गोष्टी हव्यात. जे मूल आधीच हंबरडा फोडतंय त्याच्यावर नायट्रस चालत नाही. रडताना तोंडाने श्वास चालतो, गॅस खोलीत जातो, मुलापर्यंत पोचतच नाही.

पहिल्या भेटीत काम करू नका. नाकाचा मास्क घरी द्या, आरशासमोर लावून पाहू दे. कामाच्या दिवशी नाक चोंदलेलं असेल तर तारीख बदला. निव्वळ नायट्रससाठी कडक उपास लागत नाही, पण जड जेवण नको. दोन तास आधी थोडं खाल्लेलं बरं.

सुरुवात १०० टक्के ऑक्सिजनने, मुलाला मिनिटाला ४ ते ५ लिटर, दोन-तीन मिनिटं. फ्लो बरोबर आहे का हे आकड्यापेक्षा मशीनची रबरी पिशवी चांगलं सांगते. ती दोन-तृतीयांश भरलेली राहून श्वासागणिक हलली पाहिजे. चपटी होत असेल तर फ्लो वाढवा. फुग्यासारखी ताणली तर कमी करा. पिशवी हलतच नसेल तर मास्क बाजूने गळतोय किंवा मूल तोंडाने श्वास घेतंय. मग नायट्रस मिनिटाला १० टक्क्यांनी वाढवत न्या. बहुतेक मुलं ३० ते ४० टक्क्यांत स्थिरावतात, ५० च्या वर जायची गरज नाही.

लक्षणं हातात दिसतात. खुर्चीचा हात घट्ट धरलेली बोटं सुटतात, तळवा वर वळतो, पापण्या सावकाश लवतात, मुंग्या येतायत असं मूल सांगतं. इंजेक्शन त्या वेळेला द्या, आणि दाढ बधिर झाली की नायट्रस २०-२५ टक्क्यांवर आणा. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावला की तोंडाने श्वास घेणं आपोआप कमी होतं. तोंड उघडं ठेवायला ठोकळा मात्र शक्यतो टाळा. मूल स्वतःहून तोंड उघडं ठेवेनासं झालं तर गुंगी जास्त झाल्याची ती पहिली खूण असते, ठोकळ्याने ती झाकली जाते. घाम, चुळबुळ, कपाळावर आठ्या, मळमळ दिसली की लगेच १० टक्के कमी करा. उलटी होते ती बहुधा टक्केवारी सारखी खालीवर केल्याने किंवा काम फार लांबवल्याने.

काम संपताना किमान पाच मिनिटं १०० टक्के ऑक्सिजन. नायट्रस रक्तातून झपाट्याने फुप्फुसात परततो आणि तिथला ऑक्सिजन पातळ करतो. ही पाच मिनिटं वाचवली की डोकं दुखू शकतं, मळमळू शकतं.

मशीन घ्यायचं तर तीन गोष्टी पाहून घ्या. ऑक्सिजन संपला की नायट्रस आपोआप बंद झाला पाहिजे, आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली येताच कामा नये. विकत घेण्याआधी डेमोत ऑक्सिजनचा सिलिंडर बंद करून हे स्वतः तपासा. दुसरं, उच्छ्वासातला गॅस ओढून घेणारी स्कॅव्हेंजिंगची सोय, मिनिटाला सुमारे ४५ लिटर, आणि तिची नळी खिडकीबाहेर. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, गॅस बाहेर टाकत नाही. दिवसभर त्या खोलीत उभं राहणाऱ्या मदतनीस मुलींचा विचार करा, विशेषतः त्यातली कुणी गरोदर असेल तर. तिसरं, निळ्या सिलिंडरच्या काट्यावर विसंबू नका. आत नायट्रस द्रवरूपात असतो. शेवटचा थेंब उडेपर्यंत दाब तेवढाच दिसतो आणि मग एकदम पडतो. किती उरलाय हे वजन करूनच कळतं.

पहिल्या तीन महिन्यांतलं गरोदरपण, नुकतीच कानाच्या पडद्याची शस्त्रक्रिया, डोळ्यात गॅस सोडून केलेलं रेटिनाचं ऑपरेशन, ब्लिओमायसिन या कॅन्सरच्या औषधाचे उपचार, फुप्फुसाचा जुना गंभीर आजार, अशांना नायट्रस नाही. आपल्याकडे आणखी एक प्रश्न आवर्जून विचारायचा : बी-१२ कमी आहे का? पिढीजात शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणारे यांच्यात ते कमी सापडतं, आणि नायट्रस नेमकं बी-१२ निकामी करतो. पायाला मुंग्या येतात असं कुणी सांगितलं तर आधी तपासणी करून घ्या.

भुलेची मात्रा आधीच काढून ठेवा. १६ किलोच्या मुलाला लिग्नोकेन किलोमागे ४.४ मिग्रॅ धरलं तर ७० मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्यांचं साडेतीन मिली. ही दिवसभराची कमाल. ३० मिलीच्या वायलमधून पुन्हा पुन्हा भरत राहिलं की हिशेब सुटतो. तेव्हा लागणार तेवढं सुरुवातीलाच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवा आणि वायल कपाटात ठेवून द्या. खालच्या दोन्ही बाजू एका दिवशी बधिर करू नका, घरी जाऊन जीभ आणि ओठ चावून सोलून घेतात. एक बाजू, एक भेट.

अक्कलदाढ :

खूप उपयोगी. मिडाझोलामचा नाकातला स्प्रे मिळतो. नायट्रस येईपर्यंत मुलासाठी तो चालेल का? आणि काकांचं काय करावं?

भूलतज्ज्ञ नाशिक :

स्प्रेचा हिशेब मांडून पाहा. नाकातून मात्रा किलोमागे ०.२ ते ०.३ मिग्रॅ, म्हणजे १६ किलोला ३.२ ते ४.८ मिग्रॅ. स्प्रेच्या एका फवाऱ्यात ०.५ मिग्रॅ असेल तर सात ते दहा फवारे. ते नाकात चरचरतं. दुसऱ्या फवाऱ्यानंतर मूल नाक पुढे करणार नाही, आणि निम्मं औषध घशात उतरेल. काही मुलं मिडाझोलामने शांत होण्याऐवजी उलट बिथरतात, आवरत नाहीत. आणि खरा प्रश्न औषधाचा नाहीच. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, गाढ गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यात भिंती नाहीत. ज्या पायरीवर थांबायचं ठरवलंय त्याच्या पुढच्या पायरीवर पेशंट घसरला तर सांभाळता आलं पाहिजे. तुमच्याकडे ऑक्सिजनचा साधा मास्क आहे. तो श्वास घेणाऱ्यालाच उपयोगी. श्वास थांबला तर ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) लागते, मुलाच्या आणि मोठ्याच्या मापाच्या मास्कसह. ती नसेल तोवर मुलाला मिडाझोलाम नको, नाकातूनही नको आणि तोंडातूनही नको.

काकांना क्लिनिकमध्ये गोळी देऊ नका. घोरणं, आखूड मान, ९२ किलो वजन, बीपी, पन्नाशीच्या पुढचा पुरुष : झोपेत श्वास अडण्याचा आजार असण्याची दाट शक्यता आहे. घरच्यांना विचारा, झोपेत श्वास मध्येच थांबून दचकून परत सुरू होतो का. हो म्हणाले तर त्यांचं काम भूलतज्ज्ञाच्या उपस्थितीत, ओटी (ऑपरेशन थिएटर) असलेल्या ठिकाणी करा. निव्वळ उमाशांसाठी नायट्रस चांगला चालतो आणि श्वासनलिका उघडी राहते. तुमच्याकडे मशीन आलं तर त्यांच्यासाठी पहिला पर्याय तोच.

शिरेतून मिडाझोलाम द्यायचं ठरलं तर पद्धत अशी. सहा तास आधी हलकं खाणं बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. निरोगी प्रौढाला १ मिग्रॅ सावकाश, मग दोन मिनिटं पूर्ण थांबायचं, नंतर ०.५ ते १ मिग्रॅच्या टप्प्यांनी. बोलणं जड झालं, पापणी अर्ध्यावर आली, पण विचारलं की उत्तर मिळतंय, तिथे थांबायचं. साठीच्या आसपास आणि पुढे मात्रा निम्मी आणि थांबायचा वेळ जास्त, कारण त्यांच्यात अंमल उशिरा चढतो. बाजारात १ मिलीला १ मिग्रॅची वायल मिळते तशीच १ मिलीला ५ मिग्रॅची ॲम्प्यूलही मिळते. घाईत दुसरी भरली गेली तर पाचपट मात्रा जाते. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेने २००८ मध्ये याच गोंधळाबद्दल इशारा काढला होता. सेडेशनसाठी पातळ वायलच ठेवा, तीव्र ॲम्प्यूल त्या खोलीत येऊच देऊ नका. सिरिंजवर औषधाचं नाव आणि मिलीला किती मिग्रॅ हे चिकटपट्टीवर लिहा.

उतारा फ्लुमाझेनिल, ०.२ मिग्रॅ १५ सेकंदांत, मग दर मिनिटाला थोडं थोडं, एकूण १ मिग्रॅपर्यंत. त्याचा अंमल मिडाझोलामपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून पेशंट जागा झाला तरी पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. दोन तास नजरेखाली ठेवावंच लागतं. काकांसारखं रोज क्लोनाझेपाम घेणाऱ्याला फ्लुमाझेनिलने झटके येऊ शकतात. म्हणजे त्यांच्यासाठी उतारा हा भरवशाचा आधार नाही. त्यांना ओटीत न्यायचं ते यासाठीही.

दात काढणारा आणि गुंगी सांभाळणारा एकच माणूस नको. तुमची नजर दाढेवर असते, छाती हलतेय का इकडे कुणी पाहत नाही. ऑक्सिमीटरचा आकडाही उशिरा पडतो, आणि वरून ऑक्सिजन चालू असेल तर आणखी उशिरा. म्हणून छातीची हालचाल आणि, असेल तर, कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र). काळी मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर प्रोब पायाच्या बोटाला किंवा कानाच्या पाळीला लावा.

आकडा पडू लागला तर क्रम पाठ हवा. हात थांबवा, तोंडातले बोळे, गॉझ, रबर डॅम सगळं बाहेर, सक्शन, खुर्ची आडवी, हनुवटी वर, जबडा पुढे. नाव घेऊन खोल श्वास घ्यायला सांगा, बरेच पेशंट तिथेच सावरतात. ऑक्सिजन १० लिटर. श्वास नसेल तर ॲम्बू : मोठ्यांना दर सहा सेकंदांनी एक श्वास, मुलांना दर दोन-तीन सेकंदांनी. बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर सुमारे १५०० लिटर, म्हणजे १० लिटरने अडीच तास. पण चावी कुठे आहे हे मदतनिसाला माहीत नसेल तर त्या अडीच तासांचा उपयोग शून्य. महिन्यातून एकदा क्लिनिक उघडण्याआधी हा सगळा क्रम करून पाहा.

मुलाचं काम नायट्रसवर जमलं नाही तर हॉस्पिटलमध्ये पूर्ण भुलेखाली चारही दाढा एकाच वेळी करता येतात. श्वासाची ट्यूब नाकातून घालतात, तोंड मोकळं राहतं. घशात बांधलेला गॉझ पॅक आत राहून जाणं हा त्यातला ओळखीचा धोका. तो ठेवल्याची नोंद फळ्यावर करायची आणि ट्यूब काढण्याआधी मोठ्याने विचारायचं.

सेडेशन झालेल्या मुलाला दुचाकीवर नेऊ देऊ नका. पुढे टाकीवर बसवलं तर मान छातीवर पडते आणि श्वास अडतो, चालवणाऱ्याला दिसतही नाही. चारचाकी किंवा रिक्षा, आणि मुलाशेजारी चालकाशिवाय दुसरं माणूस.

मनोमन :

एक फरक वर आला नाही. सुई पाहून रडणारा आणि सुई पाहून घेरी येऊन पडणारा हे वेगळे पेशंट. दुसऱ्याचा बीपी आणि नाडी एकदम पडतात, त्याला गोळीने फारसा फायदा नाही. त्याला खुर्ची आडवी करूनच इंजेक्शन द्या आणि आधी स्नायू ताणायला शिकवा : दंड, पोट, मांड्या १० ते १५ सेकंद घट्ट, मग २०-३० सेकंद सैल, असं पाच वेळा. हातात सुई टोचायची असेल तर तो हात मात्र सैल. आणि उपास आहे का हे विचारा. चतुर्थी-एकादशीला रिकाम्या पोटी येऊन घेरी आली की तिलाही भीतीच समजलं जातं.

बाईंना थांबायची खूण ठरवून द्या, डावा हात वर. आणि पहिल्यांदा हात वर झाला की काहीही असो, थांबाच. बहुतेकदा पेशंट ती खूण खरी आहे का हेच तपासत असतो. मिडाझोलामने कामाची आठवण पुसली जाते. त्या दिवसापुरतं ते सोयीचं, पण "या वेळी दुखलं नाही" हा अनुभवही त्याबरोबर पुसला जातो. त्यांच्यासाठी हलकी गोळी आणि पक्की भूल बरी, म्हणजे न दुखल्याचं त्यांच्या लक्षात राहील.

अक्कलदाढ :

बाईंचं तसंच करतो. ॲम्बू बॅग दोन मापांच्या मास्कसह मागवली. काकांना नाशिकला पाठवायचं ठरलं तर क्लोनाझेपाम आदल्या रात्री बंद ठेवायचं का?

भूलतज्ज्ञ नाशिक :

नाही, रोजची गोळी रोजच्या वेळेला. अचानक बंद केली तर बेचैनी, झोप उडणं, कधी झटके. अमलोडिपिन सकाळी घोटभर पाण्याबरोबर. चिठ्ठीत क्लोनाझेपाम किती वर्षं चालू आहे, कुणी सुरू केलं, आणि ते रात्री दारू घेतात का, हे तिन्ही लिहा. शेवटचा प्रश्न काकांना घरच्यांसमोर विचारू नका, वेगळं बोलावून विचारा.